बापाच्या शेजारची जागा

देशाला झोडपावं तर शरच्चंद्र हिवाळ्यांनीच, असं रायपुरात बैरन बाजारच्या मराठी मंडळीत सगळे म्हणत. मंडळी म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं एक छोटं चर्च. एके काळी नाताळात बाहेर मांडव घालावा लागे. आता बाकं जास्त आणि बसणारे कमी. पोरंसोरं हिंदी चर्चला जातात, तिथे गिटार वाजते, आणि घरी आजीने मराठीत काही विचारलं तर हिंदीत उत्तर देऊन मोकळी होतात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा नागपूरहून येऊन भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन देऊन जात. बाकी सगळा कारभार हिवाळ्यांकडे. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच. सिंचाई विभागातून निवृत्त झाल्यापासून दुसरा उद्योगही नव्हता.

संदेश द्यायला उभे राहिले की हिवाळे जुन्या करारातले संदेष्टे काढत. क्षमा, प्रेम, हरवलेलं मेंढरू हे त्यांना गुळमट वाटे. त्यांचा आवडता अध्याय यशयाचा तिसरा. देव एखाद्या राष्ट्राला शिस्त लावायला निघाला म्हणजे काय होतं, ते त्यात सांगितलंय. आधी आधार काढून घेतो. भाकर जाते, पाणी जातं, मग न्यायाधीश जातो, सल्ला देणारा जातो, चांगला कारागीर जातो, आणि राज्य नालायकांच्या हाती येतं. शेवटी देव स्वतः न्यायाला उभा राहतो आणि लोकांच्या पुढाऱ्यांना म्हणतो, गरिबाला लुटून आणलेलं तुमच्याच घरात आहे. या वचनापाशी आले की हिवाळ्यांचा उजवा हात आपोआप नवा रायपूरच्या दिशेने उठे. तिथे मंत्रालय आहे. लोक माना डोलावत. सरकारला शिव्या पडत असल्या की कोणाला झोप येत नाही.

बाकं रिकामी होताना पाहून हिवाळ्यांनी हाच अध्याय मंडळीलाही लावला होता, पण आपल्या सोयीने. लोक ढिले पडले, म्हणून देव शिक्षा करतोय, म्हणून आपण कडक व्हायचं. या मंडळीत शिस्तीची जुनी रीत होती. कोणी दारू पिऊन मारामारी केली, कोणी धर्माबाहेर लग्न केलं, की वडील त्याला शिस्तीत टाकत. त्याने शेवटच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजन घ्यायचं नाही, आणि एक दिवस सगळ्यांसमोर उभं राहून चूक झाली म्हणायचं. मग वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला परत घेत. शिस्तीत असताना मेला, तर त्याची माती चर्चमधून निघत नसे आणि कब्रस्तानातल्या मंडळीच्या भागात त्याला जागा मिळत नसे. जुने वडील ही रीत कधीमधी, मिठासारखी वापरत. हिवाळ्यांनी तिचं लोणचं घातलं. शिस्तीत टाकलेले बहुतेक जण दुसऱ्या रविवारी येतच नसत, आणि बाकं आणखी रिकामी झाली की हिवाळ्यांना वाटे, अजून कडक व्हायला पाहिजे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी ते रविवारच्या संदेशाची तयारी करत बसले होते. कूलर खडखडत होता. दारात रमा येऊन उभी राहिली. चर्च झाडणारी, दर शनिवारी बाकं पुसणारी रमा. तिचा नवरा शामराव सुतार होता. मंडळीची बाकं त्यानेच बनवली होती, आणि तो मंडळीच्याच भागात, कडुनिंबाखाली, पुरला होता. हिवाळ्यांची बायको मीरा पाणी घेऊन बाहेर आली. रमाने ग्लास हातात घेतला नाही.

"भैया, नरेश गेला."

नरेश तिचा एकुलता एक. भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. मागे येणाऱ्या ट्रकने त्याला भिंतीशी दाबलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मीराने ग्लास खाली ठेवला. हिवाळ्यांनी बायबल मिटलं. ते "अरेरे" म्हणाले, आणि ते मनापासूनच होतं. पोराला त्यांनी संडेस्कूलमध्ये शिकवलं होतं.

"उद्या सकाळी पोस्टमार्टम झालं का बॉडी देतो म्हनते," रमा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, रडून झालं होतं. "सुनेचे भाऊ म्हनते, तुमचे लोक नेत असतील त न्या, आमची काही जबरदस्ती नाही. पन नसन नेत त दुपारी आम्ही घाटावर नेतो. अशा उन्हात किती ठेवतान? भैया, मले त्याले त्याच्या बापाजवळ ठेवाचं आहे. शेजारची जागा खाली आहे. तुमी माळ्याले एक फोन करा, बस."

कब्रस्तानाचा माळी अर्जुन हिवाळ्यांचा फोन आल्याशिवाय कुदळ उचलत नसे. ती शिस्तही हिवाळ्यांनीच लावली होती.

"रमाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तो शिस्तीत होता न."

"मेला न तो, भैया. मेलेल्याले काहून शिस्त?"

अडचणीत सापडला की माणूस कमिटीकडे बोट दाखवतो. "माझ्या एकट्याच्या हातात नाही. कमिटीले विचारतो. प्रार्थना करतो. सकाळी सांगतो तुमाले."

कमिटी म्हणजे तरी काय? स्वतः हिवाळे, रामकृष्ण साळवे, आणि लताताई, ज्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. रमाला हे ठाऊक होतं. ती पदर डोक्यावर घेऊन परत गेली.

नरेशचा गुन्हा एवढाच की त्याने राधाशी लग्न केलं. राधा हिंदू, साहूंची पोरगी, भनपुरीचीच. आर्य समाजात जाऊन दोघांनी हार घातले. मग ईस्टरला तो तिला घेऊन चर्चमध्ये आला, नवीन शर्ट घालून. हिवाळ्यांनी त्याला दारातच बाजूला घेतलं. आधी सगळ्यांसमोर उभा राहून चूक झाली म्हण, मग पुढे बस. नरेश म्हणाला, "काका, लगन केलं मी, चोरी नाही केली. हे बाजूले उभी असताना हिलेच चूक कसा म्हनू?" तेव्हा हिवाळ्यांनी दोघांना शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. दोघं बसली. प्रभुभोजनाचं ताट त्या बाकापर्यंत आलं आणि परत फिरलं. राधाने नवऱ्याला कुजबुजून विचारलं, "हमको क्यों नहीं दिए?" त्याने काय सांगितलं कोणास ठाऊक. नंतर तो आला नाही.

रमा गेल्यावर मीरा म्हणाली, "करा न फोन. एका फोनानं काय होते?"

"तू यात पडू नको."

"त्या बाईनं तुमच्या आईचं शेवटलं सगळं केलं. गू-मूत काढलं. आठवते का?"

हिवाळ्यांना आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि नियम वेगळा, अशी त्यांची समजूत होती, आणि या समजुतीला ते तत्त्व म्हणत.

शुक्रवारी सकाळी त्यांनी रामकृष्ण साळव्यांना फोन केला. खरं सांगायचं तर नकार दुसऱ्याच्या तोंडून यावा म्हणून केला. साळव्यांनी निराश केलं नाही. "पाहा भैया, तुमीच सांगत असता न? एकाले सूट दिली का भिंतीले भोक पडते. आज याले जागा दिली, उद्या कोन ऐकन? माझ्या भाच्यालेही तुमी शिस्तीत टाकलं होतं, मी काही बोललो का?" शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरातच म्हटलं. हिवाळ्यांनी फोन ठेवला आणि मनाशी म्हणाले, कमिटीचं मत पडलं.

पण रमाला ते कळवायचं धैर्य त्यांना होईना. घटकाभराने तिचा फोन आला, तो त्यांनी वाजू दिला. परत आला, परत वाजू दिला. समोर यशया उघडा होता. रविवारचा संदेश चांगला व्हायला हवा होता, म्हणून ते वाचू लागले. आधार जाणार, भाकर जाणार, पाणी जाणार. यावर बोलायला मुद्दे भरपूर होते, खारून नदी आटली होती. न्यायाधीश जाणार. यावरही मुद्दे होते. कुशल कारागीर जाणार. इथे त्यांना शामराव आठवला, आणि त्यांनी पान उलटलं. मग ते वचन आलं, जिथे त्यांचा हात मंत्रालयाकडे उठायचा. देव न्यायाला उभा राहिलाय आणि वाद घालतोय. कोणाशी? आपल्या लोकांच्या वडिलांशी.

वडील. आयुष्यभर वाचलेला शब्द. त्यांनी त्याचा अर्थ नेहमी मंत्री, कलेक्टर, ठेकेदार असा लावला होता. पण संदेष्टा काही परक्या देशाशी बोलत नव्हता. तो देवाच्या माणसांच्या घरात उभा राहून त्यांच्या कारभाऱ्यांशी बोलत होता. अशा घरात, या मंडळीत, हिवाळ्यांशिवाय दुसरा कारभारी कोण होता?

त्याच वेळी वीज गेली. कूलर थांबला. मीरा आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"रमाचा फोन माझ्या मोबाइलवर आला होता. म्हनते, हो म्हना का नाही म्हना, पन काही तरी सांगा. ते लोक थांबून आहे."

गरिबाला लुटून आणलेलं तुमच्या घरात आहे. हिवाळ्यांनी मान वर करून स्वतःच्या घराकडे पाहिलं, जणू खरंच काही शोधायचंय. रमाचं या घरात काय होतं? तिच्या पोराची जागा होती. बापाच्या शेजारची. ती त्यांनी आपल्या खिशात, या मोबाइलमध्ये ठेवली होती आणि वर कूलरची हवा खात बसले होते. ज्या बाकावर पोराला मागे बसवलं, तेही त्या पोराच्या बापाने रंधा मारून केलेलं. 

त्यांनी अर्जुनला फोन लावला. "शामरावच्या बाजूले खोद. आत्ता. हव, आत्ताच्या आत्ता." मग रमाला लावला, तो तिने उचलला नाही. राधाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

रस्त्यावर ऑटो मिळेना. मिळाला तो गोल बाजाराच्या तोंडाशी अडकला. पुढे कोणाच्या तरी लग्नाची भांडी ठेल्यावर चढत होती आणि ठेलेवाला कोणाचंच ऐकत नव्हता. हिवाळे उतरून भर उन्हात चालू लागले, मग धावू लागले. या वयात ते कधी धावले नव्हते. दवाखान्याच्या मागच्या दारात एक शिपाई बसला होता. त्याने नाव विचारलं आणि म्हणाला, "वो भनपुरी वाला? वो तो गया, बाबूजी. घाट ले गए."

घाटावर पोचले तेव्हा चिता पेटली होती. उन्हात ज्वाळा नीट दिसतही नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. राधाचा थोरला भाऊ पुढे आला. चांगला माणूस होता, त्याने हात जोडले. "बाबूजी, हम लोग बहुत रुके। माँजी बार-बार फोन लगाती रहीं। फिर वही बोलीं, ले चलो।"

"त्याच म्हनाल्या?"

"हाँ, वही बोलीं।"

रमा टिनाच्या शेडखाली बायकांमध्ये बसली होती. तिने हिवाळ्यांकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही, की तोंडही फिरवलं नाही. हिवाळ्यांना तिच्यापर्यंत चालत जाता आलं नाही. तिकडे कडुनिंबाखाली अर्जुनने खड्डा तयार केला होता आणि पुढे काय करायचं हे विचारायला तो सारखा फोन करत होता. हिवाळ्यांनी तोही वाजू दिला.

रविवारी चर्चमध्ये नेहमीची मोजकी डोकी होती. शनिवारी बाकं कोणी पुसली नव्हती, धूळ तशीच होती. हिवाळे उभे राहिले. त्यांनी तोच अध्याय वाचला आणि बायबल मिटून ठेवलं.

"हा अध्याय मी तुमाले उलटा शिकवला," ते म्हणाले. "मी म्हनत आलो, देव शिक्षा करतो म्हनजे पानी तोडते, धान तोडते. ते आहेच. पन मधे काय लिहिलं आहे? देव नालायक माणसाच्या हाती कारभार देते. कारभारी हीच शिक्षा असते. या मंडळीची शिक्षा म्हनजे मी आहे."

माना डोलत होत्या. सवयीच्या माना, त्या डोलतच राहिल्या. पहिल्या बाकावरून कोणी तरी "आमेन" म्हणालं.

"आमेन नका म्हनू!" हिवाळे ओरडले. "मी नरेशबद्दल बोलून राहिलो. शामरावच्या नरेशबद्दल. त्याची माय माझ्या दारात आली, आणि मी तिले कमिटी दाखवली. त्याचे सासरचे साहू लोक त्याच्यासाठी उन्हात थांबले, मी कूलरसमोर थांबलो. ते पोरगं आपलं होतं. मी त्याले बाहेर ठेवलं, जिता होता तेव्हा आणि मेल्यावरही. चूक झाली. मी तुमच्यासमोर उभा राहून म्हनतो, चूक झाली. मले शिस्तीत टाका. आणि वडीलपद काढून घ्या."

आता मात्र माना थांबल्या. एक बाई डोळे पुसू लागली. मग रामकृष्ण साळवे उठले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भैया, तुमचं मन मोठं आहे, म्हनून तुमाले लागलं. पन तुमी काही चूक नाही केली. नियम होता, तो तुमी पाळला. तुमीच ढिले पडले त मंडळी राहीन का?"

"साळवे, काय राहिलं आहे?"

"जे आहे ते तुमच्यामुळे आहे," साळवे म्हणाले, आणि ते खरंच होतं. "आणि तुमाले शिस्तीत टाकाचं कोनी? वडीलच टाकू शकते. वडील तुमी. पाळकसाहेब म्हनतील, दुसरा मानूस द्या. कोन आहे? मी बीपीचा मानूस. लताताई तिकडे. तुमी आराम करा दोन दिवस, मग पाहू. चला, शेवटलं गीत घेऊ."

त्यांनी गीताचा नंबर सांगितला. लोक उभे राहिले आणि मोकळ्या झालेल्या गळ्याने गाऊ लागले. कोणालाच हिवाळ्यांचा राग आला नव्हता. इतकी वर्षं त्यांनी लोकांना शिकवलं होतं की पाप दुसरीकडे असतं, आणि लोक चांगले विद्यार्थी निघाले. गीत संपलं. सगळे डोळे मिटून, मान खाली घालून आशीर्वादाची वाट पाहत उभे राहिले. दुसरं कोणी तो देणारं नव्हतं. हिवाळ्यांनी हात वर केले आणि दिला. आपण देवाच्या माणसांना देवाच्या नावाने फसवत आहोत असं त्यांना स्वच्छ वाटलं, तरी शब्द सगळे बरोबर आले.

त्या दुपारी ते भनपुरीला रमाकडे गेले. एका खोलीचं घर, वर पत्रा. राधा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, पोट दिसू लागलं होतं. हिवाळ्यांना हे माहीत नव्हतं. रमाने त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. ते खाली जमिनीवर बसले.

"रमाबाई, मी शुक्रवारी फोन केला होता. उशीर झाला. खड्डा खोदला होता त्याच्यासाठी."

"अर्जुननं सांगितलं."

"आज मी सगळ्यांसमोर चूक झाली म्हनलं. मले शिस्तीत टाका म्हनलं. ते लोक तयार नाही."

रमाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर हिवाळ्यांना बरं वाटलं असतं. "तुमाले कोन टाकन, भैया? माझ्या पोट्ट्याले टाकाले त तुमाले एक घडी नाही लागली."

ते मग म्हणाले, "नरेशचं नाव शामरावच्या दगडावर लिहून घेऊ. मी स्वतः पाहतो. राख थोडी ठेवली असन तर..."

"राख-फूल सगळं राजिमले नदीत शिरवून आले. राधाच्या भावानं नेलं. सगळं रीतीनं केलं त्यायनं. मले गाडीत पुढे बसवलं." तिने राधाकडे पाहिलं. राधा मराठी समजत होती, पण बोलली नाही. "ती विचारून राहिली होती, माँजी, आपका यीशु उनको लेगा कि नहीं? मी म्हनलं, घेन. येशू काही तुमाले विचारून नाही घेत. मी बरोबर सांगितलं का, भैया?"

"बरोबर सांगितलं," हिवाळे म्हणाले.  इतक्या वर्षांच्या संदेशांत त्यांना एवढं साधं वाक्य कधी सांगता आलं नव्हतं.

"मग आता माझं एक ऐका. मी मरन तेव्हा तुमी येऊ नका. मले माझ्या मालकाजवळ नका नेऊ. हे लोक घाटावर नेतीन, माझा पोट्टा गेला तिकडच."

"रमाबाई, ती जागा तुमचीच आहे. शामराव तिथं आहे."

"त्यायले मी वर भेटल्यावर समजावीन. ते समजून घेतीन, ते वडील नव्हते." ती उठली, माठातून पाणी काढून तिने त्यांच्यापुढे ठेवलं, पाहुण्याला देतात तसं. "खड्डा उगाच बुजवू नका, भैया. खोदलाच आहे त राहू द्या. मंडळीच्या नियमात बसनारं कोनी तरी लागनच न त्याले. आता तुमीच तेवढे राहिले."